गाइडलाइन बदलली, म्हणून अण्णांच्या गोळ्या बदलायच्या का?

*डॉक्टर, नमस्कार. माझे वडील, अण्णा, ७१ वर्षांचे आहेत. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. १८ वर्षांपासून शुगर, १२ वर्षांपासून बीपी. हार्टचा त्रास आजवर कधी नाही. आई जाऊन चौदा महिने झाले, तेव्हापासून ते माझ्याकडे कराडला असतात. आमचे गावाकडचे डॉक्टर २० वर्षांपासूनचे. ते म्हणायचे, या वयात वरचं बीपी १५० पर्यंत चालतं. मागच्या महिन्यात भावाच्या हट्टामुळे पुण्याच्या एका फिजिशियनना दाखवलं. ते म्हणाले, १३० च्या खाली पाहिजे. अम्लोडिपिन होतीच, तिच्यावर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी वाढवली, ॲस्पिरिन बंद केली आणि मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली. परत येताना अण्णा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "मला काय येड लागलंय व्हय?" गावाकडचे डॉक्टर म्हणतात, ॲस्पिरिन बंद करू नका. भाऊ न्यू जर्सीला असतो, तो रोज नव्या गाइडलाइनचे कागद व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यातलंच वाचून, वयस्कर माणसांना वाईट म्हणून, मी अण्णांची झोपेची अल्प्राझोलम दोन रात्री दिली नाही. दुसऱ्या पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. घाबरून गोळी दिली, चहा-बिस्कीट दिलं. तासाभरात शांत झाले. जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. पारावर जात नाहीत. शुगर मात्र छान आहे, तीन महिन्यांची सरासरी ६.३ आली, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन चालू आहे. परवा म्हणाले, "तिच्या माघारी मी तरी कशाला राहिलोय?" १२ वर्षं आम्ही चुकीची औषधं देत होतो का? आता कुणाचं ऐकू?*
*— एक मुलगी, कराड*

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला तीन गोष्टी कळवल्या होत्या. झोपेची गोळी अशी एकाएकी थांबवू नका, घरात ग्लुकोमीटर आणून ठेवा, आणि अण्णांच्या त्या परवाच्या वाक्यावर त्यांच्याशी आजच बोला. बाकीचं इथे सविस्तर लिहिते. अशी पत्रं हल्ली आठवड्याला दोन-तीन येतात. नावगाव वेगळं असतं, पण एक मुलगा परदेशात, एक मुलगी घरात आणि मध्ये गोळ्यांचा डबा, हे चित्र तेच.

तुम्ही विचारलंत बीपीबद्दल, ॲस्पिरिनबद्दल. मला मात्र तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते वाक्य तुम्ही आनंदाने लिहिलंय: "शुगर मात्र छान आहे."

७१ वर्षांचा माणूस. अर्धी भाकरी खातो. ग्लिमेपिराइड घेतो. आणि सरासरी ६.३. याला मी छान म्हणणार नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. दोन भाकऱ्या खाणाऱ्या अण्णांसाठी ठरवलेला डोस आज अर्धी भाकरी खाणाऱ्या अण्णांच्या पोटात जातोय. पहाटेचा दरदरून घाम आणि हातांची थरथर झोपेची गोळी थांबवल्यामुळेही होऊ शकते, साखर उतरल्यामुळेही होऊ शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तुम्हाला वाटलं गोळीने ते शांत झाले. मला शंका आहे की चहा-बिस्किटाने झाले. चहात साखर घातली होती का, आठवून बघा.

म्हणून पुन्हा असं झालं तर आधी बोट टोचून साखर बघायची. ७० च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल आणि लक्षणं तीच असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, आणि मग पोटात काहीतरी घालायचं, भाकरी-दूध, काहीही. या गोळीचा परिणाम लांबतो. एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते, तेव्हा पुढचे काही तास लक्ष ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८ ला फोन. आणि ज्या वेळी अण्णा जेवणारच नाहीत असं दिसतंय, त्या वेळची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. या आठवड्यात तेवढा एक फोन कराच: "अण्णांचं जेवण निम्म्यावर आलंय, ग्लिमेपिराइडचा डोस तोच ठेवायचा का?" क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं तेही सांगा, कारण मूत्रपिंड मंदावलं असेल तर ही गोळी अंगात रेंगाळते.

आता गाइडलाइनचा भाग, कारण साखरेच्या बाबतीत गाइडलाइन सैल कशी झाली हे तुमच्या भावाच्या कागदांत बहुधा नसेल. कडक गोष्टी फॉरवर्ड होतात, सैल होत नाहीत. साखर जितकी खाली तितकं बरं, असं आम्ही डॉक्टर मंडळी बरीच वर्षं मानत होतो. ते तपासायला अमेरिका-कॅनडात अकॉर्ड नावाचा मोठा अभ्यास झाला, १०,२५१ मधुमेही त्यात होते. एका गटात सरासरी साखर ६ च्या खाली न्यायचा प्रयत्न झाला. २००८ साली तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण कडक उपचारांच्या गटात मृत्यू जास्त झाले. त्यानंतर अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या दरवर्षी येणाऱ्या शिफारशींमध्ये वयस्कर माणसांसाठी वेगळे आकडे आले. धडधाकट असतील तर साधारण ७ ते ७.५ च्या खाली, दोन-चार आजार एकत्र असतील, आधार लागत असेल तर ८ च्या खालीही चालेल, आणि साखर उतरण्याचा धोका असलेल्यांची औषधं कमी करा, असं त्यात स्पष्ट आहे. औषध कमी करणं हाही उपचार आहे, हे छापून यायला बराच काळ गेला. आपल्याकडे अजून पेशंटच्या नातेवाइकांना "गोळी कमी केली" म्हटलं की डॉक्टरने हात वर केले असं वाटतं.

आता बीपी. यात गंमत अशी की तुमचे दोन्ही डॉक्टर गाइडलाइनच सांगत आहेत. फक्त साल वेगळं आहे.

मी शिकत होते तेव्हा आमच्या पाठांतरात १४०/९० होतं. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने सांगितलं की ६० च्या पुढे वरचं बीपी १५० पर्यंत ठेवलं तरी पुरे. तुमच्या गावाकडच्या डॉक्टरांचं १५० बहुधा तिथून आलंय. पण त्या समितीतल्याच पाच जणांना ते पटलं नव्हतं. त्यांनी महिन्याभरात आपलं वेगळं मत छापलं, की १४० सोडू नका. मग २०१५ मध्ये स्प्रिंट नावाचा अभ्यास आला: ९,३६१ माणसं, निम्म्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली न्यायचं, निम्म्यांचं १४० च्या. खालच्या गटात हार्टचे आजार आणि मृत्यू कमी झाले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन मोठ्या संघटनांनी व्याख्याच १३०/८० वर आणली, आणि एका सकाळी कोट्यवधी लोक काही न करता बीपीचे पेशंट झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी नवी आवृत्ती काढली, तीतही १३०/८० कायम आहे. युरोपने २०२४ मध्ये व्याख्या १४०/९० चीच ठेवली, पण औषध चालू असलेल्या आणि ते सोसणाऱ्या बहुतेकांसाठी लक्ष्य १२० ते १२९ ठरवलं. आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्याच्या पहिल्या जिल्ह्यांत तुमचा सातारा होता, सरकारी दवाखान्यांतलं लक्ष्य १४०/९० च्या खाली असं साधं ठेवलं. यात मागासलेपण नाही. जिथे निम्म्यांना आपलं बीपी वाढलंय हेच माहीत नसतं, तिथे सगळ्यांना १४० खाली आणणं हे थोड्यांना १२० खाली आणण्यापेक्षा जास्त जीव वाचवतं.

मग अण्णांसाठी काय? माझा कौल पुण्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. चीनमध्ये २०२१ साली ६० ते ८० वयाच्या ८,५११ लोकांवर झालेल्या अभ्यासातही १३० च्या खाली ठेवलेल्यांना हार्टचा आणि पक्षाघाताचा त्रास कमी झाला. म्हणजे वय ७१ आहे म्हणून १५० चालवून घ्या, याला आता आधार उरलेला नाही. अट अशी की अण्णा उभे राहिल्यावर काय होतं ते आधी बघायला हवं. स्प्रिंटमध्ये मधुमेही घेतलेच नव्हते, आणि उभं राहिल्यावर ज्यांचं वरचं बीपी ११० च्या खाली जातं त्यांनाही वगळलं होतं. १८ वर्षांच्या शुगरमध्ये शरीराची ती यंत्रणा मंदावते. माणूस झटकन उठतो आणि रक्त पायातच राहतं. त्यात क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी नवी आलीय आणि जेवण-पाणी कमी झालंय. म्हणून बसून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, किंवा अण्णा म्हणाले "डोळ्यांपुढं अंधारी येती", तर पुण्याला तसं कळवा. खुब्याचं हाड मोडलं तर १३० च्या आकड्याचं काय करायचं?

आणि बीपी घरी नीट मोजा. आमच्याकडे पेशंट एसटीतून उतरून, दवाखान्याचा जिना चढून, रांगेत भांडून येतो, आणि आम्ही त्याच्याशी बोलता बोलता शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळतो. मी स्वतः वर्षानुवर्षं असंच केलंय, आता लाज वाटते. ज्या अभ्यासांवरून १३० चा आकडा आला तिथे माणसाला पाच मिनिटं शांत बसवून मोजत होते. तेव्हा अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकवून खुर्चीत, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या उंचीवर, पट्टा दंडाच्या मापाचा, तोंड बंद. तुमचंही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळ्यांच्या आधी आणि रात्री, असं सात दिवस वहीत लिहा. ती वही पुण्याच्या डॉक्टरांना दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा खूप जास्त सांगेल.

ॲस्पिरिनचं उत्तर सोपं आहे, पण ते अण्णांपुरतंच आहे, हे शेजाऱ्यांना सांगताना लक्षात ठेवा. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला, बायपास किंवा पक्षाघात झाला, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिनला हात लावू नये. अण्णांना यातलं काही नाही. त्यांना ती १२ वर्षांपूर्वी "शुगर आहे, पुढे काही होऊ नये" म्हणून दिली होती, आणि तेव्हा आम्ही सगळेच देत होतो. २०१८ मध्ये १५,४८० मधुमेही लोकांवरच्या अभ्यासाचे निकाल आले. सुमारे सात वर्षांत, ॲस्पिरिन घेणाऱ्या दर १०० जणांमागे एकाचा हार्टचा किंवा पक्षाघाताचा झटका टळला, आणि जवळपास एकालाच मोठा रक्तस्राव झाला. त्याच वर्षी मुख्यतः सत्तरीपुढच्या निरोगी लोकांवरचा दुसरा अभ्यास आला, त्यात फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कृती दलाने सांगितलं की ६० च्या पुढे, हार्टचा आजार नसताना, नव्याने ॲस्पिरिन सुरू करू नका. चालू असलेली थांबवायची का हा थोडा वेगळा प्रश्न आहे, पण अण्णांच्या वयात आणि पुढे येणाऱ्या एका गोळीचा विचार करता थांबवली ते बरंच झालं. गावाकडच्या डॉक्टरांना "तुमचं चुकलं" असं सांगायला जाऊ नका. त्यांनी २० वर्षं त्यांना सांभाळलंय. "पुण्यात असं म्हणाले, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारा. त्यांनाही हे वाचायला वेळ हवा.

१२ वर्षं चुकीचं औषध दिलं का, हे तुम्ही लिहिताना हात थांबला असेल तुमचा. नाही, ताई. त्या त्या वेळी जे माहीत होतं त्यातलं बरं ते दिलं. आमच्या धंद्यात याहून मोठे धडे मिळालेत. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडतात म्हणून ते सरळ करणारी औषधं सर्रास देत. ठोके सरळ व्हायचेही. १९८९ मध्ये तुलना करून पाहिलं तर ती औषधं घेणारेच जास्त दगावत होते. गाइडलाइन बदलत नाही असा विषय म्हणजे कुणी तपासून बघत नाही असा विषय.

आता तुमच्या भावाबद्दल. रोज कागद पाठवतो, म्हणजे दूर बसून तेवढंच त्याला करता येतं. त्याला एक काम द्या. त्या प्रत्येक शिफारशीच्या शेवटी एक अक्षर असतं. मधुमेहाच्या शिफारशींत ए, बी, सी आणि ई. ए म्हणजे चांगल्या अभ्यासांचा भक्कम आधार. ई म्हणजे पुरावा नाही, तज्ज्ञांना असं वाटतं. हृदयरोगाच्या कागदांत क्लास एक, दोन-ए, दोन-बी असं असतं. 'करावं' आणि 'विचार करता येईल' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि व्हॉट्सॲपवर दोन्हींचं "डॉक्टर सांगतात" होतं. पुढचा कागद अक्षरासकट पाठव, म्हणावं.

आणि त्याला हेही सांगा: २००५ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी एक हिशोब मांडला. समजा ७९ वर्षांची एक बाई आहे, तिला दमा-ब्रॉन्कायटिससारखा फुप्फुसाचा जुना आजार, शुगर, बीपी, ठिसूळ हाडं आणि संधिवात, असे पाच आजार आहेत. प्रत्येक आजाराची गाइडलाइन तंतोतंत पाळली तर काय होईल? बारा औषधं, दिवसभर घड्याळाला बांधलेलं पथ्य, महिन्याला ४०६ डॉलर, आणि एका आजाराचा सल्ला दुसऱ्याच्या आड येणारा. एकाही गाइडलाइनमध्ये चूक नव्हती. चूक बेरीज करण्यात होती. गाइडलाइन एका आजारावर लिहिलेली असते, आणि अण्णांच्या अंगात तीन आजार आहेत.

तिसरा आजार तुम्ही पत्रात कुठेच आजार म्हणून लिहिला नाहीत. जेवण निम्मं, पार सुटला, झोप गोळीवर, "मी तरी कशाला राहिलोय". बायको गेल्याचं दुःख चौदा महिन्यांनीही असतंच, ते काढून टाकायचं औषध नाही आणि नको. पण दुःखात माणूस अधूनमधून तरी हसतो, नातवाला जवळ घेतो, तिच्या आठवणी सांगतो. अण्णांचं सगळंच थांबलंय, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. आपल्याकडची वयस्कर माणसं "मी उदास आहे" असं म्हणत नाहीत. ती म्हणतात कशातच राम वाटत नाही, अंगात त्राण नाही, पोट साफ होत नाही, डोकं जड आहे. आम्ही बी-१२ चं इंजेक्शन देतो.

त्या वाक्याबद्दल. थेट विचारा: "अण्णा, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने मनात नसलेलं काही येत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून बरीच माणसं मोकळी होतात. 'हो' म्हणाले, किंवा कसं-कधी याचा विचार केलाय असं दिसलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. 'नाही' म्हणाले तरी सगळ्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, रोजच्या रोज काढून द्या. शेतातली फवारणीची औषधं घरात असतील तर तीही बाहेर हलवा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ वर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. अण्णांसाठी आणि तुमच्यासाठीही.

मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीने अण्णा दुखावले, त्यात त्यांचा दोष नाही. चिठ्ठी हातात दिली, कारण सांगितलं नाही. हल्लीच्या मधुमेहाच्या शिफारशींत डोळे आणि पाय तपासावेत तसं मन तपासा असं सांगितलंय, वर्षातून निदान एकदा. त्यासाठी नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशात रस वाटला नाही, झोप, भूक, थकवा, असं. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले की पुढे बघायला हवं. ही प्रश्नावली फिजिशियन, अगदी तुमचे गावाकडचे डॉक्टरसुद्धा, करून घेऊ शकतात. अण्णा पहिलं पाऊल त्यांच्या खुर्चीत बसून टाकतील, पुण्यात टाकणार नाहीत.

आणि हे फक्त मनाचं प्रकरण नाही. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणमच्या चार दवाखान्यांत, शुगर आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ लोकांवर एक अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांसाठी एक प्रशिक्षित व्यक्ती नेमली, ती पेशंटशी नियमित बोलायची, शुगर-बीपी-मन तिन्हींची नोंद ठेवायची, आणि मधुमेहाचे व मनाचे डॉक्टर एकत्र बसून ती बघायचे. हे वर्षभर चाललं. दोन वर्षांनी पाहिलं तर मन निम्म्याहून अधिक हलकं झालं आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी सुधारलं, असे लोक त्या गटात सुमारे ७२ टक्के होते, दुसऱ्या गटात ५७ टक्के. नवं औषध कुठलंच नव्हतं. कुणीतरी सगळं एका वहीत लिहीत होतं. अण्णांच्या बाबतीत ती व्यक्ती तुम्ही आहात, पगार नाही एवढाच फरक.

सौम्य नैराश्यात गोळीने सुरुवात करू नये असं ब्रिटनची २०२२ ची शिफारस सांगते. बोलण्याचे उपचार, हालचाल, दिनक्रम हे आधी. अण्णांची भूक आणि झोप इतकी गेलीय की त्यांना गोळी लागेल असं मला वाटतं, पण ते तपासणाऱ्याने ठरवायचं. लागली तर तीन गोष्टी विचारा. एक, ही गोळी आणि ॲस्पिरिन एकत्र असली की रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ॲस्पिरिन खरंच बंद आहे ना. गावाकडून आणलेली जुनी स्ट्रिप डब्यात पडून नाही ना. दोन, नैराश्यावरची एस्सिटालोप्रामच्या जातीची गोळी आणि क्लोरथॅलिडोन ही जोडी वयस्करांत रक्तातलं सोडियम उतरवू शकते. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर दोन-चार आठवड्यांत सोडियम तपासायचं. माणूस अचानक बरळायला लागला, तर ते 'वय झालं' नसतं, ते सोडियम असू शकतं. तीन, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असते. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडलेल्या गोळ्यांचा माझ्या टेबलाच्या खणात ढीग होता.

अल्प्राझोलम नंतर. भावाने पाठवलेलं खरं आहे, ती वयस्करांना नकोच. पडणं, विसरभोळेपणा, सवय. पण चौदा महिने रोज घेतलेली गोळी शरीराने गृहीत धरलेली असते. एकदम काढली तर अस्वस्थता, थरथर, क्वचित फिट. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अनेक संघटनांनी मिळून ही औषधं कशी कमी करायची यावरच शिफारशी काढल्या. त्यानुसार दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करत जायचं, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कधीच नाही. म्हणजे महिने लागतात. मन जरा ताळ्यावर आल्याशिवाय सुरूही करू नका. आधी साखर, मग मन, मग ही.

अण्णांना कुणी विचारलंय का, त्यांना काय हवंय? पारावर परत बसायचंय की पालच्या खंडोबाच्या यात्रेला चालत जायचंय? पौषात ते जात असतील तर यंदा जाता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे मांडा. १३० की १४०, ७ की ८, हे त्यावरून ठरवता येतं. चालत जायचं असेल तर चक्कर येऊन चालणार नाही. चार घास पोटात जायला हवेत.

जाताना घरातली प्रत्येक स्ट्रिप पिशवीत घाला. आयुर्वेदिक चूर्णं, मेडिकलमधून परस्पर आणलेली सांधेदुखीची गोळी, सगळं. ती सांधेदुखीची गोळी अण्णा घेत असतीलच, आणि बीपी वाढण्यात, मूत्रपिंड बिघडण्यात तिचा हात असू शकतो. पिशवी गावाकडच्या डॉक्टरांच्या टेबलावर ओता आणि म्हणा, यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते पुण्याशी बोलून तुम्हीच ठरवा. दोघांचे फोन नंबर एकमेकांना द्या. आणि पुढचे काही दिवस पहाटे तीनला एकदा बोट टोचून बघा, अण्णा कुरकुरतील, तरीही.